हेवी मेटलवाल्यांना भुताखेतांचे एवढे वेड का? कर्क हॅमेट यांच्या संग्रहाच्या निमित्ताने

२०१७ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या सेलम शहरात, पीबडी एसेक्स म्युझियममध्ये एक वेगळेच प्रदर्शन सुरू झाले. भिंतींवर जुन्या भयपटांची पोस्टर्स होती आणि त्यांच्या सोबतीला त्याच पोस्टर्समधली चित्रे अंगावर मिरवणाऱ्या इलेक्ट्रिक गिटार होत्या. हा सगळा ऐवज हेवी मेटल, म्हणजे जड, कर्कश गिटारीवर उभे असलेले रॉक संगीत, वाजवणाऱ्या मेटॅलिका या बँडचे गिटारवादक कर्क हॅमेट यांनी आयुष्यभर जमवलेला होता. १६९२ साली चेटकाच्या आरोपावरून एकोणीस जणांना फाशी देणारे आणि एकाला दगडांखाली चिरडून मारणारे सेलम ते हेच, आणि आता ऑक्टोबर महिना उजाडला की पर्यटकांच्या गर्दीत हॅलोवीन साजरा करणारे शहरही हेच. संग्रहालय मात्र भुतांचा बाजार मांडणारे नाही. हुसेन यांच्यासह आधुनिक भारतीय चित्रकारांचा एक मोठा संग्रह याच वास्तूत आहे, हे जाता जाता सांगायला हवे.

काळा टी-शर्ट, त्यावर कवटी आणि कानात कर्कश गिटार असे घरातल्या मुलाचे रूप दिसले, की आपल्याकडे त्याचा अर्थ फार लवकर लावला जातो. अमेरिकेतही तेच झाले होते. १९८५ साली तिथल्या पालकांच्या एका संघटनेने आक्षेपार्ह गाण्यांची यादी काढली, त्यात काही मेटल गाणी केवळ जादूटोणा आणि सैतान यांच्या उल्लेखामुळे घातली गेली आणि प्रकरण थेट सिनेटच्या समितीपुढे सुनावणीला गेले. या कलाकारांना भयाचे आकर्षण का वाटते, हा प्रश्न त्या गदारोळात बाजूलाच राहिला. माझ्या मते त्याचे उत्तर श्रद्धेत नसून कारागिरीत आहे. भयपटाचा दिग्दर्शक आणि मेटलचा संगीतकार दोघेही समोरच्या माणसाची भीती मापून मापून वाढवतात आणि नेमक्या क्षणी ती सोडून देतात. हॅमेट यांच्या बाबतीत हा संबंध इतका उघड दिसतो, की त्यांच्याच उदाहरणाने तो समजून घेणे सोपे जाते.

हॅमेट यांचा जन्म १९६२ चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. वडील आयरिश वंशाचे, आई फिलिपिनो. पाच वर्षांचा असताना बहिणीशी झालेल्या झटापटीत कर्कचा हात दुखावला आणि आईवडिलांनी त्याला टीव्हीसमोर बसवून दिले. तेव्हा पडद्यावर माणसांवर चालून येणाऱ्या वनस्पतींचा ‘द डे ऑफ द ट्रिफिड्स’ हा ब्रिटिश चित्रपट चालू होता. मूल घाबरले, पण जागचे उठले नाही. हॅमेट स्वतः आपल्या वेडाची सुरुवात याच प्रसंगापासून सांगतात. पुढे डब्यासाठी मिळालेले पैसे राक्षसांच्या मासिकांवर आणि कॉमिक्सवर खर्च होऊ लागले.

त्या पिढीत असा तो एकटा नव्हता आणि त्याला एक व्यावहारिक कारण आहे. १९५७ मध्ये युनिव्हर्सल स्टुडिओचे जुने ५२ चित्रपट एकगठ्ठा टीव्ही केंद्रांना विकले गेले. त्यात ड्रॅक्युला, फ्रँकेन्स्टाइन, ममी असे सगळे होते. थिएटरातून कधीच उतरलेले हे चित्रपट रातोरात घराघरांत पोचले. दुसऱ्याच वर्षी केवळ चित्रपटांतील राक्षसांना वाहिलेले मासिक निघाले. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात १९७१ पासून बॉब विल्किन्स नावाचे निवेदक हातात सिगार घेऊन, डुलत्या खुर्चीत बसून असे चित्रपट दाखवत आणि पुढचा चित्रपट किती टुकार आहे हे प्रेक्षकांना आधीच सांगून मोकळे होत. भीती आणि थट्टा एकाच खुर्चीत बसवण्याची ही तऱ्हा त्या भागातल्या मुलांच्या चांगलीच अंगवळणी पडली. मेटलच्या भीषण चित्रांमध्ये जो मिश्कीलपणा दडलेला असतो आणि बाहेरच्यांना तो जवळजवळ कधीच दिसत नाही, त्याचा एक उगम इथे आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. १९३१ च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये बोरिस करलॉफ यांनी साकारलेला राक्षस हा खलनायक नाही. आपल्याला जन्माला घाला असे त्याने कोणाला सांगितलेले नसते. ज्याने घडवले तोच त्याला टाकतो आणि गाव मशाली घेऊन त्याच्या मागे लागते. ज्या मुलाला आपण चारचौघांत बसत नाही असे वाटते, ते मूल हा चित्रपट पाहताना गावकऱ्यांच्या बाजूने उभे राहत नाही. आपले बालपण सुखाचे नव्हते आणि आपण स्वतःला नेहमी बाहेरचेच समजत आलो, हे हॅमेट यांनी मुलाखतींतून सांगितलेले आहे. मेटलच्या चाहत्यांपैकी पुष्कळांची ओळख याच जागी जुळते.

आता त्या पोस्टर्सकडे जरा जवळून पाहू. हॅमेट यांच्या संग्रहातील १९३२ च्या ‘द ममी’चे पोस्टर हा या छंदातला मुकुटमणी मानला जातो. साधारण २७ इंच रुंद आणि ४१ इंच उंच कागद, त्यावर पट्ट्यांनी गुंडाळलेला करलॉफ आणि लाल पोशाखातील स्त्री. ते युनिव्हर्सलच्या जाहिरात विभागातील कारोली ग्रोश या हंगेरियन वंशाच्या चित्रकाराच्या नावावर आहे. ही पोस्टर्स शिळाछाप पद्धतीने छापली जात. प्रत्येक रंगाचा वेगळा ठसा आणि एकावर एक चढत जाणारे थर. लोणावळ्याजवळच्या मळवलीतून रविवर्म्यांच्या लक्ष्मी-सरस्वती महाराष्ट्रातल्या देवघरांत पोचल्या, त्या छपाईचे मूळ तंत्र हेच होते. त्यामुळे जुन्या भयपटांच्या पोस्टरवरील हिरवा किंवा लाल रंग आजच्या छपाईसारखा सपाट दिसत नाही, त्याला एक दाणेदार खोली असते.

मात्र ही पोस्टर्स जपण्यासाठी छापलेली नव्हती. ती घडी घालून थिएटरांना धाडली जात, खेळ संपला की परत मागवली जात किंवा भिंतीवरून खरवडून टाकली जात. युद्धकाळात कितीतरी कागद रद्दीत गेला. म्हणून काही चित्रपटांच्या पोस्टरच्या प्रती जगभरात मिळून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या. ‘द ममी’ची एक प्रत १९९७ मध्ये लिलावात ४,५३,५०० डॉलरना गेली, तर ‘ड्रॅक्युला’ची एक प्रत २०१७ मध्ये ५,२५,८०० डॉलरना. एवढा पैसा कागदात घालणे हे श्रीमंतांचे चोचले आहेत असे कोणी म्हटले, तर त्याच्याशी मी फार वाद घालणार नाही. पण हॅमेट यांनी हा कागद तिजोरीत ठेवलेला नाही. ममीचे आणि ‘व्हाइट झॉम्बी’चे चित्र असलेल्या गिटार घेऊन ते वर्षानुवर्षे रंगमंचावर उभे राहिले आहेत, आणि सेलमच्या प्रदर्शनासाठी त्यांनी रचलेले वादन पुढे २०२२ मध्ये निघालेल्या त्यांच्या पहिल्या स्वतंत्र ध्वनिमुद्रणात समाविष्ट झाले.

पोस्टरच्या पलीकडे, खुद्द ‘द ममी’ या चित्रपटातून एक संगीतकार काय शिकू शकतो? सुरुवातीचाच प्रसंग पाहा. तरुण संशोधक टेबलाशी बसून हलक्या आवाजात प्राचीन लेख वाचत आहे. मागे उभ्या असलेल्या ममीच्या पापण्या किंचित उघडतात. छातीवर बांधलेले हात हळूच खाली सरकतात. मग एक हात टेबलावरच्या गुंडाळीवर येऊन पडतो, संशोधक वळून पाहतो आणि किंचाळतो. आपल्याला चालणारी ममी दिसतच नाही. दाराबाहेर फरफटत जाणारी पट्टीची दोन टोके तेवढी दिसतात आणि वेड लागलेल्या तरुणाचे हसणे ऐकू येते. या रूपासाठी रंगभूषाकार जॅक पियर्स यांनी करलॉफ यांच्यावर तब्बल आठ तास मेहनत घेतली होती आणि पडद्यावर ते रूप काही क्षणच राहते. हातात एवढे असताना इतकेच दाखवायचे, हा संयम भयकलेचा गाभा आहे.

हाच संयम संगीतात आला तो बर्मिंगहॅममध्ये. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिथे ‘अर्थ’ नावाचा एक बँड सराव करत असे. समोरच्या चित्रपटगृहात मारिओ बाव्हा या इटालियन दिग्दर्शकाचा, इंग्रजीत ‘ब्लॅक सॅबथ’ नावाने आलेला आणि करलॉफ यांचीच भूमिका असलेला भयपट लागला होता. घाबरण्यासाठी लोक पैसे मोजून रांग लावतात, हे पाहून त्या पोरांना नवल वाटले. मग घाबरवणारे संगीत का करू नये? बँडचे नाव बदलले, त्या नावाचे गाणे झाले आणि १३ फेब्रुवारी १९७० रोजी, म्हणजे तेरा तारीख आणि शुक्रवार असा पाश्चात्त्यांचा अशुभ योग साधून, पहिला आल्बम बाहेर पडला. गिटारवादक टोनी आयोमी यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात तुटली होती. ते डावखुरे असल्याने तारा दाबण्याचा हात तोच. त्यांनी प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणे केली, हलक्या तारा लावल्या आणि पुढे त्या सैल करून स्वरच खाली उतरवले. मेटलच्या जड, खर्जातल्या आवाजामागे असा एक कारखान्यातला अपघातही आहे.

त्या पहिल्या गाण्याची मुख्य धून तीन स्वरांची आहे. सा, वरचा सा आणि मग तीव्र मध्यम. सा आणि तीव्र मध्यम यांमधल्या अंतराला पाश्चात्त्य संगीतात ‘संगीतातला सैतान’ असे टोपणनाव अठराव्या शतकाच्या आरंभीच्या लेखनात आढळते. चर्चने त्यावर बंदी घातली होती, ही मात्र लोकप्रिय दंतकथा आहे. आणि तीव्र मध्यम स्वतः काही भीतिदायक नाही. यमन ऐकताना कोणी दचकत नाही, कारण तिथे तो पंचमाकडे नेणारी पायरी होऊन येतो आणि मन निर्धास्त असते. ब्लॅक सॅबथने तोच स्वर अतिमंद लयीत, खर्जाच्या अंगाने लावला आणि त्याला कुठेही न नेता तसाच लोंबकळत ठेवला. पंचम येईल म्हणून कान वाट पाहतो आणि तो येत नाही. ममीची पट्टी दाराबाहेर जाताना दिसते आणि ममी दिसत नाही, तसाच हा प्रकार आहे.

आता हॅमेट यांचीच एक रचना घेऊ. १९९१ मधील ‘एंटर सँडमॅन’ हे मेटॅलिकाचे बहुधा सर्वांत परिचित गाणे. त्याची मुख्य धून हॅमेट यांना एका रात्री उशिरा सुचली. तिचे स्वर आपल्या भाषेत मांडले तर असे होतात: खर्जातला सा, मध्य सप्तकातला सा, कोमल गंधार, मग खाली उतरून मंद्र तीव्र मध्यम, त्याला लागूनच शुद्ध मध्यम आणि पुन्हा मध्य सा. तीव्र मध्यमावरून शुद्ध मध्यमावर ओघळणारी ती अर्धी पायरी हाच सगळ्या गाण्यातला काटा आहे. मूळ धुनेत हा काटा प्रत्येक वेळी येत होता. ड्रमर लार्स उलरिक यांनी सुचवले, की पहिला तुकडा आधी पुन्हा पुन्हा वाजू द्यावा आणि शेपूट नंतर जोडावे. श्रोत्याला थांबवून ठेवण्याचे हे अगदी भयपटाच्या संकलकाचे गणित झाले. गाण्याचा विषयही योगायोगाने तोच आहे: झोपायला घाबरणारे मूल.

एवढे झाल्यावर उरतो तो आवाजाचा खरखरीतपणा. इलेक्ट्रिक गिटारचा संकेत ॲम्प्लिफायरच्या कुवतीबाहेर वाढवला, की लहरींचे माथे छाटले जातात आणि मुळात नसलेले कितीतरी उपस्वर निर्माण होतात. अशा वेळी दोन स्वर एकत्र छेडले तर त्यांच्या संयोगातूनही आणखी आवाज उपजतात आणि गोंगाट माजतो. सा आणि पंचम यांचे नाते दोनास तीन इतके सरळ असल्यामुळे ती जोडी तेवढी शाबूत राहते. तानपुऱ्यात जी जोडी शांतता निर्माण करते, तीच मेटलच्या गिटारीत भिंत उभी करते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले, की नेहमीच्या बोलण्यात आवाजाची तीव्रता सेकंदाला चार-पाच वेळा कमीजास्त होते, तर किंकाळीत ती ३० ते १५० वेळा थरथरते आणि मेंदूतील भीतीशी निगडित भाग नेमका त्यावर जागा होतो. प्राण्यांच्या हाकांचा अभ्यास करणाऱ्या कॅलिफोर्नियातील संशोधकांनीही चित्रपटांच्या पार्श्वसंगीतात असे फाटलेले, बेताल आवाज कसे पेरले जातात, ते दाखवून दिले आहे. विकृत केलेली गिटार याच दारावर थाप मारते. रंगमंचावर कवटी नसली तरी चालेल, पण ही थाप नसेल तर मेटल उरत नाही.

मग माणूस पळून जाण्याऐवजी तिकीट का काढतो? डेन्मार्कमधील ऑर्हुस विद्यापीठाच्या संशोधकांनी भुताटकीच्या एका करमणूकगृहात ११० प्रेक्षकांच्या हृदयाचे ठोके मोजले. फार कमी भीती वाटली तेव्हा मजा आली नाही आणि फार वाटली तेव्हाही नाही. मजेचा बिंदू मधोमध होता. आपल्याकडे भरतमुनींच्या नाट्यशास्त्राने ही गोष्ट निराळ्या अंगाने केव्हाच मांडून ठेवली आहे. भय हा भाव असतो आणि रंगमंचावर त्याचा भयानक रस होतो, म्हणजेच तो आस्वाद्य होतो, कारण प्रेक्षकाला आपण सुरक्षित असल्याची खात्री असते. त्या ग्रंथात भयानक रसाचा रंग काळा सांगितला आहे, याची मेटलच्या काळ्या टी-शर्टवाल्यांना कल्पना असेल असे वाटत नाही.

हॅलोवीन हा तर या आस्वाद्य भीतीचा पंचांगात नोंदलेला दिवस. त्याचे मूळ आयर्लंड आणि स्कॉटलंडकडच्या केल्टिक लोकांच्या हिवाळ्याच्या तोंडावरच्या सणात सांगितले जाते. त्या रात्री मृतांचा आणि जिवंतांचा सीमाभाग पातळ होतो अशी समजूत होती. १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस म्हणून ख्रिस्ती पंचांगात आला आणि आदल्या संध्याकाळी जुन्या चालीरीती टिकून राहिल्या. त्याला जोडून येणारा २ नोव्हेंबरचा मृतांचा दिवस गोव्यात आणि वसईत आजही गांभीर्याने पाळला जातो. कबरी स्वच्छ करून त्यांवर फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात. मुखवटे आणि भोपळे हा मात्र त्याच परंपरेचा अमेरिकेत वाढलेला फाटा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दुष्काळामुळे आलेल्या आयरिश लोकांनी तो तिकडे नेला आणि त्यांच्या मायदेशी कोरल्या जाणाऱ्या सलगमाची जागा तिथल्या मुबलक भोपळ्याने घेतली.

संगीतकारांना हा दिवस जवळचा वाटतो, कारण त्या दिवशी बाकीचे जगही त्यांच्यासारखाच वेश करते. न्यू जर्सीतल्या मिसफिट्स या पंक बँडने १९४६ च्या एका चित्रपटमालिकेतील कवटीधारी खलनायक आपले चिन्ह म्हणून उचलला आणि १९८१ च्या हॅलोवीनला त्याच नावाचे गाणे काढले. हॅमेट यांनी २०१२ मध्ये आपल्या संग्रहावर पुस्तक केले तेव्हा शीर्षक त्याच बँडच्या एका गाण्यावरून बेतले. मेटॅलिकाच्या महोत्सवात त्यांनी आपल्या वस्तूंचे खास भुयार थाटले आणि २०१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत भयपट आणि मेटल यांचा एकत्र मेळावाच भरवला. रॉब झॉम्बी यांनी तर पुढची मजल मारली. आपल्या बँडला १९३२ च्या ‘व्हाइट झॉम्बी’चे नाव देणाऱ्या या गायकाने २००७ मध्ये ‘हॅलोवीन’ या चित्रपटाची नवी आवृत्ती स्वतः दिग्दर्शित केली. मूळ १९७८ चा चित्रपट जॉन कार्पेंटर यांचा. त्याचे संगीतही त्यांनीच केले आणि पियानोची ती धून पाच मात्रांत बसवली. चारच्या सवयीच्या कानाला प्रत्येक आवर्तनात एक मात्रा अडखळल्यासारखी वाटते. झपतालात मुरलेल्या श्रोत्यावर ही युक्ती कितपत चालेल, याबद्दल मला शंका आहे.

या सगळ्याची दुसरी बाजू अशी, की कवटी छापणे फार सोपे असते. गेल्या चाळीस वर्षांत निघालेल्या भयचित्रांच्या मेटल आल्बमपैकी बरेचसे कव्हरपुरतेच भयानक आहेत आणि आतले संगीत पहिल्या सेकंदापासून सगळेच एकदम ओतून मोकळे होते. ज्यांना या दोन कलांचे नाते स्वतः तपासायचे असेल त्यांनी ‘द ममी’ची पहिली काही मिनिटे पाहावीत, मग ब्लॅक सॅबथच्या पहिल्या आल्बमचे पाऊस आणि घंटेने सुरू होणारे पहिले गाणे हेडफोनवर ऐकावे आणि त्यानंतर ‘एंटर सँडमॅन’ लावावे. सुरुवातीची एकाकी गिटार, मग एकेक वाद्याची भर, आणि सारा बँड मिळून मुख्य धुनेवर तुटून पडतो तोवर सुमारे मिनिटभर गेलेला असतो.